न पेरल्याबद्दल

ऑक्टोबरात पैसे येतात. गहू पेरून झालेला असतो,
ज्वारी अजून उभी, कणसं तांबूस, जड,
आणि माझ्या खिडकीसमोर टोप्या काढून उभे राहतात
चर्चमध्येही ज्यांना टोपीची आठवण करून द्यावी लागते असे लोक.

एकोणतीस वर्षं या काउंटीची शेतं मी कागदावर पाहतेय.
कुणाचा तुकडा कुठे वाकतो,
कुठला ओढा कुणाच्या बांधाला चावतो, झोपेत सांगेन.
प्रत्यक्षात त्यातली निम्मी मी पाहिलेली नाहीत.

यंदा कुणीतरी यादी छापली.
मागेल त्याला मिळते ती, पण आजवर कुणी मागितली नव्हती,
निदान तसं कबूल केलं नव्हतं.
कॅन्ससभर असतील तसल्याच एका धान्यकोठारात,
कॉफीच्या टेबलावर, साखरेच्या बरणीखाली सापडली.
नावापुढे आकडा. आकड्यापुढे काही नाही.

मार्लिन ड्रायलिंग, रोज सकाळी त्याच टेबलावर
सरकारनं आमच्या अंगणात पाय ठेवू नये म्हणणारा,
त्याच्या नावापुढे सहा आकडी रक्कम.
त्या दिवशी तो हवामानावर बोलला. बराच वेळ.
फिनिक्समधला एक दाताचा डॉक्टर, आईकडून आलेली जमीन,
विमानातून एकदा बघायला गेला, तर खाली ढग.
रे बीकर, वारून दोन वर्षं झाली, त्याला साडेतीन हजार.
ती चूक आमची. मेलेल्याकडून पैसे परत मागायचा
फॉर्म चार पानी आहे, आणि सही त्याचीच लागते.
माझ्या नवऱ्याचंही नाव होतं. त्याचा आकडा पलीकडची डोरीन भरते,
नियमच आहे तसा. जेवायला मात्र आम्ही समोरासमोर बसतो.

गुरुवारी अल्विना डिंकल आली.
वय एकोणनव्वद, गाडी स्वतः चालवत, ताशी वीस मैल,
मागे सगळी वाहनं अंत्ययात्रेसारखी.
कागदी चेक घेणारी आता ती एकटीच उरलीय.
पाकिटासकट काउंटरवर ठेवला. दोनशे दहा डॉलर.
हे कशाचे?
ओढ्याकाठच्या पाच एकरांचे, म्हटलं. गवत राखलंत, नांगर घातला नाहीत.
मी तर काहीच केलं नाही.
त्याचेच.

ती बसली. हातमोजे काढले, एकेक बोट.
मग बोलू लागली, फारशी माझ्याशी नव्हे.
सदतीस वर्षं दोन्ही वेळची धार. अकरा गायी.
सहा बाळंतपणं, चार जगली.
कापणीच्या दिवसांत अठरा माणसांचं जेवण,
उन्हात, ट्रकच्या फाळक्यावर मांडून.
ते कुठल्या यादीत नव्हतं.
आता हात मांडीवर ठेवून बसले,
तर वॉशिंग्टनला कळलं.

तक्रार नव्हती आवाजात. हसतच असावी.
मी कीबोर्डकडे बघत राहिले. याला रकाना नाही.

परत करता येतात का?
येतात, पण कारण लिहावं लागतं.
पेन घेऊन ती बराच वेळ फॉर्मवर ओणवी राहिली.
कारणं पुष्कळ आहेत गं, म्हणाली, तुमच्याकडे ओळी दोनच.
आणि चेक पुन्हा पर्समध्ये टाकून निघून गेली.

पाहणी करायचीच होती. शनिवारी गेले,
पगारी दिवस नव्हता, तरी गेले.
गवत माझ्या छातीला लागत होतं, वारा आला की एका अंगाला झोपत होतं.
त्यातून एक पायवाट, अरुंद, एका माणसापुरती,
रोज कुणीतरी जात असल्यासारखी, ओढ्यापर्यंत.
काठाला स्वयंपाकघरातली एक खुर्ची.
एका पायाखाली चपटा दगड, डुगडुगू नये म्हणून.

सोमवारी अहवाल भरला.
नांगरट: नाही. गुरं: नाहीत. बांधकाम:
इथे थोडं थांबले. खुर्ची कशात मोडते
ते नियमावलीत सापडलं नाही.
नाही, असं लिहिलं,
आणि पुढच्या वर्षासाठी मंजुरी दिली.